तेलाचा डबा, दोनशे पानी वही आणि जगभरचा पाऊस

सकाळी साडेआठला आमच्याकडं दुसरा चहा होतो. तो चुलीवर असतानाच मी अंगणाच्या कोपऱ्यातल्या तेलाच्या डब्यात डोकावते, वहीत एक आकडा लिहिते आणि मग रानाकडं निघते. औसा तालुक्यातलं गाव, आठ एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. मालक पुण्यात गाडी चालवतात, शेत मी आणि आबा, म्हणजे माझे सासरे, दोघं बघतो.

वही २०१६ च्या जूनपासूनची. त्या वर्षी १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. टीव्हीवर दिवसभर तेच. मला प्रश्न पडला, पाच लाख लिटर म्हणजे आपल्या वावरावर पडणारा किती पाऊस? घरात कुणाला सांगता येईना, शेवटी हिशेब मीच मांडला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एक एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर. पाच एकरांवर २५ मिलिमीटर पडला, की झाले पाच लाख लिटर. एक बरी सर! ज्या पाण्यासाठी रेल्वे धावली, तेवढं आमच्या पाच एकरांवरून दर साली कितीदा तरी ओढ्यानं निघून जातं आणि आम्ही 'झाला बाबा थोडाफार' एवढंच म्हणतो. तेव्हाच ठरवलं, आता मोजायचं.

आता गावातल्या चार-पाच जणी विचारतात, म्हणून ही पावसाची वही कशी ठेवायची ते एकदाच सगळं लिहून देते.

डबा

खाद्यतेलाचा पंधरा किलोचा चौकोनी पत्र्याचा डबा घ्या. वरची बाजू अख्खी कापून काढा, कडा आत वाकवू नका, कानसीनं घासून घ्या. बादली चालत नाही. ती वर रुंद आणि खाली निमुळती असते, त्यामुळं पाऊस आहे त्याहून जास्त दिसतो. भिंती सरळ पाहिजेत, एवढीच अट.

मग आतून माप घ्या. माझा डबा आतून २३ सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद. २३ गुणिले २३ म्हणजे ५२९ चौरस सेंटिमीटर. त्याला दहानं भागलं की ५२.९. म्हणजे माझ्या डब्यात ५३ मिलिलिटर पाणी जमलं, की पाऊस झाला एक मिलिमीटर. तुमचा डबा वेगळा असेल तर तुमचा आकडा वेगळा, तो डब्यावरच रंगानं लिहून ठेवा. जोराचा पाऊस असेल तर डब्यात सरळ पट्टी उभी धरायची, पण भुरभुर झाली तर पट्टीवर काही कळत नाही. तेव्हा पाणी मापात ओतायचं. लेकराच्या खोकल्याच्या औषधाबरोबर येतं ते दहा मिलिलिटरचं टोपण सगळ्यांत उपयोगी.

डबा उघड्यावर ठेवायचा. घर, झाड, कडब्याची गंजी, जे काही जवळ असेल त्याच्या उंचीच्या दुप्पट लांब. पहिल्या साली मी तो लिंबाच्या झाडापासून चार पावलांवर ठेवला होता. अर्धा पाऊस झाडानं अडवला, आणि वारं फिरलं की तोच फांद्यांवरून डब्यात. ते अख्खं वर्ष मी वहीत कच्चं धरते. डब्याचा काठ जमिनीपासून फूटभर वर ठेवा, नाही तर अंगणातले शिंतोडे आत उडतात. चारी बाजूंनी विटा लावा. आणि वरून कोंबडीच्या खुराड्याची जाळी टाका. माझ्या वहीत दोन ठिकाणी आकड्याच्या जागी 'शेळी' असं लिहिलेलं आहे.

वेळ साडेआठचीच का? हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंत जो पडला, तो आजच्या तारखेला. रात्री पडलेला पाऊस दुसऱ्या दिवसाच्या रकान्यात जातो. हे नीट पाळलं नाही तर तुमचा आकडा आणि पेपरातला आकडा कधीच जुळायचा नाही.

खात्याच्या पायऱ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. २.५ मिलिमीटर झाला तर तो पावसाचा दिवस. ६४.५ च्या पुढं जोरदार, ११५.६ च्या पुढं अतिजोरदार, २०४.५ पासून अत्यंत जोरदार. आणि आपल्या कामाचा आकडा म्हणजे महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर, त्याला सरकारी कागदावर अतिवृष्टी म्हणतात. यातली गोम अशी, की मोजणारं यंत्र मंडळाच्या गावी, आणि वावर तुमचं. एका साली माझ्या डब्यात ८१ होते आणि नऊ किलोमीटरवरच्या यंत्रानं पासष्टी गाठलीच नव्हती. वही घेऊन एका कार्यालयात गेले. तिथले साहेब हसून म्हणाले, "ताई, डब्यावर सरकारी शिक्का कुठाय?" त्यांचंही चूक नाही. वहीमुळं नुकसानभरपाईचे पैसे मिळतात असं मी कुणाला सांगत नाही. पण अर्जात 'दोन-तीन दिवसांपूर्वी खूप पाऊस झाला' लिहिणं वेगळं, आणि तारीख, आकडा लिहिणं वेगळं.

उजवं पान

डावं पान आपलं. उजवं पान माझ्या लेकीनं सुरू केलं, सहावीत असताना. व्हॉट्सॲपवर कुठल्या तरी देशातल्या पुराचा व्हिडिओ आला होता, गाड्या काडीसारख्या वाहत होत्या. ती म्हणाली, "आई, हा आपल्या डब्यात किती भरला असता?" त्या दिवसापासून उजव्या पानावर जग.

तिथं पाच रकाने पाडा. तारीख, ठिकाण, आकडा, किती वेळात, आणि त्या जागी एरवी किती. शेवटचे दोन रकाने भरता आले नाहीत तर ती बातमी लिहायचीच नाही, हा आमच्या घरचा नियम आहे. नुसतं '२५४ मिलिमीटर पाऊस' याला काही अर्थ नाही. आपल्याकडं मराठवाड्यात अख्ख्या पावसाळ्यात सरासरी सुमारे ६८० पडतो. तो चार महिन्यांत पडला तर सुगी, चार दिवसांत पडला तर वावरातली माती गेली.

उदाहरण घ्या. १६ एप्रिल २०२४, संयुक्त अरब अमिरातीत खत्म अल शकला या ठिकाणी चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर. तिथल्या १९४९ पासूनच्या नोंदींत एवढा पाऊस नव्हता. दुबईच्या विमानतळावर वर्षाची सरासरीच ९५ च्या आसपास. आमचा डबा ३५ सेंटिमीटर उंच आहे, तो पाऊण भरला असता. आता २९ ऑक्टोबर २०२४, स्पेनमधलं व्हॅलेन्सिया. तुरीस गावात चोवीस तासांत ७७१.८, त्यातले १८४.६ एका तासात. म्हणजे आमच्या अख्ख्या पावसाळ्याहून जास्त एका दिवसात, आणि चहा पिऊन जनावरांना वैरण टाकेपर्यंत अर्धा डबा. दोनशे वीसवर माणसं गेली. ज्या गावांतून लोंढा गेला त्यांतल्या कित्येक ठिकाणी पाऊस फारसा पडलाच नव्हता, पाणी वरून डोंगराकडून आलं. हेही उजव्या पानावर लिहून ठेवलंय, कारण ओढ्याकाठी वावर असलेल्यांनी आपल्या अंगणातला पाऊस बघून निवांत बसायचं नसतं.

जगातला चोवीस तासांचा उच्चांक हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरचा. फॉक-फॉक नावाची जागा, ७ आणि ८ जानेवारी १९६६, १८२५ मिलिमीटर. लेकीनं रिकामे डबे एकावर एक ठेवून दाखवले. पाच डबे, वर आणखी चार बोटं. आबा बाजेवरून उठून बघायला आले. चेरापुंजीत १८६० ते १८६१ या बारा महिन्यांत २६ हजार मिलिमीटरांहून जास्त पडला होता, ते सत्याऐंशी फुटांच्या आसपास भरतं. आमची विहीर साठ फूट.

एक शब्द जपून वापरा. ढगफुटी. हल्ली तासभर दणकून पडला की ढगफुटी झाली म्हणतात. खात्याच्या लेखी वीस-तीस चौरस किलोमीटर भागात एका तासात १०० मिलिमीटर किंवा जास्त पडला तर ढगफुटी. तुमच्या डब्यात तासाला दहा सेंटिमीटर चढले का? नसतील, तर 'जोरदार' लिहा.

बातमी आल्या आल्या पान भरू नका. दोन दिवस थांबा. पहिले आकडे बदलतात, आणि व्हिडिओ तर पाच वर्षांपूर्वीचा, दुसऱ्याच देशातला निघतो. त्या देशाच्या हवामान खात्यानं किंवा जागतिक हवामान संघटनेनं दिलेला आकडाच शाईनं लिहायचा. तोवर पेन्सिल.

मृगापासून पुढं

माझं साल मृगात सुरू होतं, ७ जूनच्या आसपास. पंचांगात आबा नक्षत्राचं वाहन बघतात, बेडूक, म्हैस, मेंढा. मी त्यांना नाही म्हणत नाही, डाव्या पानाच्या वर एका कोपऱ्यात वाहनही लिहिते. पण पेरणी बेरजेवर. ७५ ते १०० मिलिमीटर बेरीज झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरायची नाही. ज्या साली शेजारपाजारचं बघून ४० वर पेरलं, त्या साली दुबार पेरणी केली.

महिन्यातून एकदा प्रशांत महासागराची खबर घ्या. पेरू देशाकडून मध्य प्रशांतापर्यंतचं समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा तापलं, की एल निनो. २०१५ ला तो जबर होता आणि मांजरा धरण तळाला गेलं. २०२३ ला पुन्हा आला, आणि त्या सालचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यांत कोरडा ठरला. मघा अशा कोरड्या गेल्या, की 'न पडल्या मघा, तर ढगाकडे बघा' ही म्हण आबांनी महिनाभर चालवली. पण एल निनो म्हटलं की हातपाय गाळू नका. १९९७ चा एल निनो शतकातल्या मोठ्यांपैकी एक, आणि देशाचा पाऊस सरासरीएवढा झाला. म्हणून हा रकाना मी 'काळजी' या नावानं ठेवलाय, 'निकाल' या नावानं नाही.

पावसाचा खंड मोजायची रीत सोपी आहे. २.५ च्या खालचे दिवस ओळीनं मोजा, समासात आकडा टाका. पंधरावर गेला की हलक्या रानातलं सोयाबीन दुपारी माना टाकतं.

आता उत्तरा आणि हस्त. वहीतलं माझं सगळ्यांत वापरलेलं पान २०२१ च्या सप्टेंबरचं आहे, त्याला तेलाचे डागही पडलेत. २६ सप्टेंबरला बंगालच्या उपसागरातून गुलाब चक्रीवादळ आंध्रात कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आलं. लेकीनं उजव्या पानावर लिहिलं, 'गुलाब, आंध्र'. आम्हाला वाटलं, तिकडचं तिकडं. जमिनीवर येऊन वादळ मोडलं खरं, पण त्याचा उरलेला भोवरा पश्चिमेला सरकत सरकत आमच्याच अंगावरून गेला. २७ च्या रात्री माळवदावर असा आवाज होता की शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येईना. साडेआठला छत्री धरून गेले, तर त्या वेळचा माझा डबा, म्हणजे लोणच्याची उभी बरणी, काठोकाठ भरून वाहत होती. आकडा नाहीच. रकान्यात लिहिलंय, 'उतू गेलं'. मांजरा धरणाचे दरवाजे उघडले, नदीकाठचं सोयाबीन काढणीला आलेलं पाण्याखाली. पंधरा किलोचा डबा आला तो त्यानंतर.

गंमत पुढंच आहे. तोच भोवरा गुजरातवरून अरबी समुद्रात उतरला, तिथं त्याला पुन्हा बळ आलं आणि नवं नाव मिळालं, शाहीन. ३ ऑक्टोबरला तो ओमानच्या किनाऱ्यावर जाऊन धडकला. गुलाब नाव पाकिस्ताननं सुचवलेलं, शाहीन कतारनं, आणि मधला पाऊस आमचा. लेकीनं उजव्या पानावरच्या आंध्रातून एक बाण काढला, तो डाव्या पानावरच्या 'उतू गेलं' वरून नेला आणि परत उजवीकडं ओमानला टेकवला. दोन्ही पानं जोडणारी रेघ वहीत ही एकच.

२०२५ च्या सप्टेंबरचं पान मी इथं उलगडत नाही. परांडा-भूमकडं हेलिकॉप्टरनं माणसं काढली, ते सगळ्यांनी पाहिलंय. माझ्या डब्यानं तो महिना नीट मोजला, एवढंच.

हिवाळा, गारा आणि ऊन

थंडीबद्दल माझ्यापाशी फार काही नाही. पहाटेचं तापमान लिहा, दहाच्या खाली गेलं तर खाली रेघ ओढा. जगातला नीचांक अंटार्क्टिकातल्या वोस्तोक केंद्रावर, २१ जुलै १९८३, उणे ८९.२. तारीख बघा, जुलै. खालच्या गोलार्धात ऋतू उलटे असतात हे उजवं पान लिहिताना कायम ध्यानात ठेवायचं. आपण शेकोटी करतो तेव्हा ऑस्ट्रेलिया भाजत असतो. सिडनीजवळ पेनरिथला ४ जानेवारी २०२० रोजी ४८.९ होतं.

याच दिवसांत अर्जेंटिनाचं सोयाबीन शेंगेत असतं, आणि ते पान सोयाबीनवाल्यांनी चुकवू नये. सोयापेंड आणि सोयातेल परदेशी विकण्यात तो देश पहिला. २०२२-२३ ला तिथं एवढा दुष्काळ पडला, की पीक अडीच कोटी टनांवर आलं, नेहमीच्या जवळजवळ निम्मं. मी ते वाचलं, आबांना पटवलं आणि वीस पोती घरात ठेवली. भाव चढेल म्हणून. तो उतरतच गेला. उजव्या पानावर मी ब्राझील लिहायला विसरले होते. तिथं त्याच साली विक्रमी पीक निघालं होतं. तेव्हापासून अर्धंच जग लिहून आडतीवरचा अंदाज बांधायचा नाही, असं आबांनी माझ्याकडून कबूल करून घेतलंय.

फेब्रुवारी-मार्चमध्ये गारांचं भ्या. २०१४ ची गारपीट मराठवाड्यात कुणी विसरलेलं नाही, गहू-हरभऱ्याचं भुसकाट आणि मेलेली पाखरं. तेव्हा वही नव्हती. गार मोजताना 'लिंबाएवढी' लिहू नका, लिंबंही दहा तऱ्हेची असतात. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं आहे, ते शेजारी ठेवून फोटो काढा. डब्यातल्या गारा वितळू द्या आणि पाणी पावसातच धरा. नोंद झालेली सगळ्यांत जड गार बांगलादेशात गोपालगंजला पडली, १४ एप्रिल १९८६, एक किलोला थोडी जास्त. त्याआधी १८८८ च्या ३० एप्रिलला आपल्याकडं मुरादाबादला गारांनी २४६ माणसं मारली होती. अमेरिकेत २०१० मध्ये वीस सेंटिमीटर रुंदीची गार सापडली. सापडली त्यानं ती फ्रीजात ठेवली, पण नेमकी वीज गेली आणि वजन होईपर्यंत ती थोडी वितळली. हे वाचल्यावर मला अमेरिकेबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटली.

उन्हासाठी साधा तापमापक घ्या आणि उत्तरेकडच्या भिंतीला, सावलीत, छातीच्या उंचीवर टांगा. पत्र्याखाली नको, पत्रा स्वतःचंच तापमान सांगतो. मोबाईलवर दिसतं ते तुमच्या अंगणाचं नसतं, तो गणितानं काढलेला अंदाज असतो. सपाटीवर पारा निदान चाळीस आणि सरासरीपेक्षा साडेचारनं जास्त झाला की उष्णतेची लाट, पंचेचाळीसला सरासरी न बघताच. राजस्थानात फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश झालं, तो आपल्या देशाचा उच्चांक. १९ जुलै २०२२ ला इंग्लंडमध्ये ४०.३ झालं, तेव्हा आबा म्हणाले, "चाळीस? हे काय ऊन हाय व्हय?" मग लेकीनं पाचवा रकाना दाखवला. तिथं त्याआधी चाळीस कधी झालंच नव्हतं, घरं थंडी अडवायला बांधलेली, पंखे नाहीत. कॅनडात लिटन गावी २९ जून २०२१ ला ४९.६ झालं आणि दुसऱ्या दिवशी गावच जळालं. आबा गप्प बसले.

तापमापकापेक्षा माठाकडं जास्त बघा. मे महिन्यात ४२ असतानाही माठाचं पाणी गार पडतं, कारण हवा कोरडी आणि माठ झिरपून सुकत राहतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात पारा ३८ वर उतरतो आणि माठ कोमट. हवेत दमटपणा आला की माठ सुकत नाही, आणि आपला घामही सुकत नाही. माझ्या वहीत उन्हाळ्यात म्हणून एक जादा खूण असते, 'माठ गार' किंवा 'माठ कोमट'. कोमट लिहिलं त्या दिवशी दुपारी बारा ते चार रानात बाया लावायच्या नाहीत, मग पारा काही का म्हणेना.

शून्य

वही बंद पडते ती पावसाळ्यात नाही, डिसेंबरात पडते. रोज काय लिहायचं, पाऊस तर नाही, असं वाटतं. रोज लिहा. पाऊस नसेल तर ० लिहा, रकाना मोकळा सोडू नका. मोकळा म्हणजे मी बघितलं नाही, ० म्हणजे बघितलं आणि नव्हता. सहा महिन्यांनी हा फरक आठवत नाही. ७ जानेवारी २०२५ ला लॉस एंजेलिसला वणवे पेटले, त्या पानावर लिहिताना वाऱ्याचा वेग जेवढा कामाचा होता, तेवढीच त्याआधीच्या कित्येक महिन्यांची शून्यं.

चिली देशात अरिका नावाचं गाव आहे, समुद्राकाठी. तिथं ऑक्टोबर १९०३ पासून जानेवारी १९१८ पर्यंत, १७३ महिने, पाऊस झाला नाही. हे आपल्याला आज माहीत आहे, कारण तिथं चौदा वर्षं कुणी ना कुणी रोज जाऊन कोरड्या भांड्यात बघत होतं आणि येऊन शून्य लिहीत होतं.

वही पत्र्याच्या पेटीत ठेवा, माळवदाच्या भिंतीत कोनाड्यात नको. माझं २०१९ सालचं निम्मं वाळवीनं खाल्लं. आता लेक महिन्याच्या शेवटच्या तारखेला दोन्ही पानांचा फोटो काढते आणि पुण्याला तिच्या पप्पांना पाठवते. ते उलट विचारतात, "शेळी कशीय?"